गिरणीच्या गोलरक्षकाचा लाल फासा

मी लाल फासा बोलतोय. तुम्ही ऐकताय हे ठीक, पण का ऐकताय ते अजून माझ्या लक्षात आलेलं नाही. राग मानू नका, माझा स्वभावच तसा आहे. मला सहा बाजू आहेत आणि एका वेळी एकच वर करता येते. उरलेल्या पाचांना आडून-आडून बघायची सवय लागली, आणि आडून बघणाऱ्याला जग कधी सरळ दिसत नाही.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यातला. साच्यात आम्हाला शेकड्यानं ओतलं. आमच्यावर ठिपके उमटले की तपासणीवाल्या बाई एकेकाला बोटांत फिरवून बघायच्या. माझी पाळी आली तेव्हा त्या जरा थबकल्या, मला दुसऱ्यांदा फिरवलं, आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. बाईंनी मला चांगल्यांच्या पेटीत टाकलं आणि डबा उघडला. त्या का थबकल्या? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या पोटात आहे.

खेळण्यांच्या दुकानातून मला दादांनी उचललं. दादा तरुणपणी आइस हॉकी खेळायचे. ते गिरणीच्या संघाचे गोलरक्षक होते आणि गिरणीचा सदरा लाल होता. "हाच रंग," एवढंच म्हणून त्यांनी मला खिशात टाकलं. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, नुसत्या रंगावरून निवड करणारा हा गृहस्थ पुढे कुठेतरी आपटणार.

आता ते घर सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. दादा एकटे राहतात आणि टायरच्या गोदामात भांडारपाल आहेत. हे गोदाम म्हणजेच आइस हॉकीचं जुनं क्रीडागृह. बर्फ गोठवणारं यंत्र बंद पडलं, ते कुणी दुरुस्त केलं नाही, संघ मोडले, आणि जिथं दादा गोल अडवायचे तिथं आता ट्रॅक्टरच्या टायरची उतरंड आहे. त्यांची बहीण, जिला ते अजून धाकटी म्हणतात, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तिचे यजमान म्हणजे भाऊजी. त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. तरुणपणी ते हॉकीचे पंच होते.

आणि दुखणं तिथंच होतं. क्रीडागृह बंद होण्याआधीचा शेवटचा सामना गिरणी विरुद्ध गोदी असा झाला होता. दोन-दोन अशी बरोबरी असताना गोलासमोर गर्दी झाली, दादा आडवे पडले, आइस हॉकीत चेंडूऐवजी असते ती चकती त्यांच्या अंगाखाली गेली, आणि भाऊजींनी शिट्टी वाजवून गोदीला गोल दिला. दादांचं म्हणणं, चकतीनं रेषा ओलांडलीच नव्हती. त्यानंतर यंत्र बंद पडल्यामुळे परतफेडीचा सामना कधी झालाच नाही. पुढची पंधरा वर्षं दोघे मेहुणे एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत.

धाकटीनं त्यावर उपाय काढला. एका रविवारी ती दादांच्या टेबलावर कोरी वही ठेवून म्हणाली, समजा ते यंत्र दुरुस्त झालं असतं तर? समजा संघ मोडलेच नसते तर? मग पुढचे हंगाम कसे गेले असते ते आपण खेळून बघू. गिरणी, गोदी, टपाल आणि रेल्वे असे चार संघ ठरले. गिरणी दादांची, गोदी भाऊजींची, बाकीचे दोन धाकटी सांभाळणार. पांढरा फासा हल्ल्याचा, निळा इतर गोलरक्षकांचा, आणि मी फक्त गिरणीच्या गोलरक्षकाचा. पांढऱ्याचा आकडा आमच्याहून मोठा पडला तर गोल, नाहीतर चकती अडली. गिरणीचा गोलरक्षक कोण, हे कुणी बोललं नाही. वहीत त्याचं वय एकतीसच राहिलं आणि त्याचा गुडघा कधी दुखला नाही.

सहा वर्षांत असे सहा हंगाम झाले, आणि सहांतले पाच करंडक गिरणीनं नेले. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण संशयही यायचा. दादा मला टाकण्याआधी मुठीत फुंकर का घालतात? निळा माझ्याकडे असा आंबट चेहरा करून का बघतो? आणि सगळ्यांत जास्त संशय भाऊजींचा. मी घरंगळून खाली पडलो की तेच वाकून उचलायचे, आणि परत देण्याआधी तळहातावर क्षणभर धरून ठेवायचे. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर काहीतरी प्रयोग करतोय. मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो.

सातवा हंगाम फार रंगला. टपालवाले पहिले सात सामने ओळीनं हरले, तेव्हा धाकटीनं त्यांचा प्रशिक्षक बदलून पाहिला, मग आठवाही हरले. रेल्वेचा कप्तान तुफान खेळत होता, पण धाकटीनं त्याला जिन्यावरून पाडून पाच सामने घरी बसवलं. वहीत असं काही घडवायचा अधिकार तिचा. दादा म्हणाले, माणसाला जरा बघून तरी पाड. गोदीच्या दोन भावांनी मिळून एकवीस गोल केले. आणि गिरणीच्या गोलरक्षकानं ओळीनं चार सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. ते चार सामने माझे होते.

अंतिम सामना पुन्हा गिरणी-गोदी. पुन्हा दोन-दोन. शेवटच्या हल्ल्याला भाऊजींनी पांढरा टाकला, सहा पडला. दादांनी फुंकर घालून मला टाकलं. मी टेबलावरून गडगडत गेलो, वहीला थडकलो, सहावर येतो-येतो असं झालं आणि पाचावर बसलो. गोदी जिंकली.

दादांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते भाऊजींकडे बघत होते. आज पांढऱ्याचे किती सहा पडले, मोजलेत का, असं त्यांनी विचारलं. काटे दुरुस्त करणाऱ्याला फासा जड करणं काय अवघड, असंही म्हणाले.  मग दादा हळूच म्हणाले, "तेव्हाही तुम्हीच होता, आताही तुम्हीच आहात."

भाऊजी उठले, टोपी घातली आणि निघून गेले. जाता जाता बायकोला एवढंच म्हणाले, की यापुढे रविवारी तू एकटीच येत जा.

आमची एक रीत होती. अंतिम सामन्यानंतरच्या रविवारी धाकटी हंगामाचा आढावा वाचून दाखवायची आणि त्याखाली दोघं सही करायचे. दोघांच्या सह्यांशिवाय हंगाम संपला असं धरायचं नाही, आणि जुना संपल्याशिवाय नवा सुरू करायचा नाही. म्हणजे एक सही अडली की टेबल संपलं. दादा आणि भाऊजी पुन्हा हवापाण्यावर येणार, आणि एवढ्या वर्षांची तिची खटपट पाण्यात जाणार. तिनं आम्हा तिन्ही फाशांची पेटी आपल्या पिशवीत टाकली.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. चंचुपात्रात पाणी घेतलं आणि मीठ विरघळवत राहिली, विरघळवत राहिली, इतकं की पाण्यात फासा तरंगावा. तरंगणाऱ्या फाशाची हलकी बाजू दर वेळी वर येते. चांगला फासा असेल तर कुठलीही बाजू येते. आधी पांढरा टाकला. दहा वेळा काडीनं ढोसलं, आकडे बदलत राहिले. नवरा निर्दोष होता. तिनं श्वास सोडला. निळाही स्वच्छ निघाला. मी म्हटलं, चला, झालं. पण ती प्रयोगशाळेतली बाई, तिनं मलाही टाकलं.

सहा आला. ढोसलं, बुडालो, गोल फिरलो, वर आलो. सहा. पुन्हा सहा. दहांतले नऊ सहा.

इतकी वर्षं मी सगळ्या जगावर संशय घेतला आणि स्वतःच्या पोटाकडे बघितलं नाही. माझ्या सहाच्या आत हवेचा एक बुडबुडा होता. साच्यात ओततानाच राहिला असणार. तपासणीवाल्या बाई उगीच नव्हत्या थबकल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ज्याला माझी करामत समजत होतो तो नुसता वारा होता.

धाकटी स्टुलावर बसून राहिली. नवऱ्याला सोडवायचं तर भावाला सांगावं लागणार होतं, की तुझे पाच करंडक खरे नव्हते. वहीतला तो एकतीस वर्षांचा गोलरक्षक सोडला तर दादांकडे होतं काय? टायर. इकडे आड तिकडे विहीर, अशी तिची गत झाली.

शाळा सुटल्यावर ती मला घेऊन थेट दुकानात गेली. घरी भाऊजी बोलले नसते, दुकानात काम हातात असलं की बोलतात. तिनं मला काउंटरवर ठेवलं. भाऊजी एका तराजूची दांडी सरळ करत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं, की ठाऊक आहे.

"काय ठाऊक आहे?"

"सहाच्या बाजूनं हलका आहे तो. पहिल्याच हंगामात कळलं. हातात घेतला की कळतं, काय करू, तेच तर काम आहे माझं."

म्हणजे तळहातावर धरून ते माझं वजन बघत होते, आणि मी त्यांनाच चोर ठरवत होतो. धाकटीनं विचारलं, मग सहा वर्षं हरत का राहिलात? भाऊजींनी दांडी खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्या दिवशी चकती मला दिसलीच नव्हती," ते म्हणाले. "दादांच्या अंगाखाली होती. सगळे ओरडत होते, आणि मी शिट्टी वाजवली. वाजवल्यावर मग खरंच दिसली होती असं म्हणत राहिलो."

 धाकटीनं मला उचलून पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. मग म्हणाली, रविवारी सहीला तरी या.

रविवारी भाऊजी आले. फक्त सहीपुरता येतो, असं त्यांनी तिला बजावलं होतं. दादांनी दार उघडलं, 'या' म्हणाले नाहीत, पण दार उघडंच टाकून आत वळले. धाकटीनं टेबलावर वही, पेटी आणि शाळेतून आणलेलं मिठाच्या पाण्याचं चंचुपात्र मांडलं. दादांनी त्याकडे बघून भुवई उचलली. मला वाटलं, आता माझी धिंड निघणार.

धाकटीनं आढावा वाचायला घेतला. टपालचे आठ पराभव, जिन्यावरून पडलेला कप्तान, गोदीच्या दोन भावांचे एकवीस गोल. दादा मान डोलवत होते. मग ती एका दमात वाचून गेली, की तिन्ही फासे तपासले असता पांढरा व निळा निर्दोष आणि लाल फासा सदोष आढळला आहे, सबब गिरणीच्या गोलरक्षकाची सात हंगामांतली कामगिरी संशयास्पद समजावी.

दादा हसले. थट्टा आहे असं वाटलं असावं. धाकटीनं कसोटी समजावली, तेव्हा त्यांनी मला स्वतः उचललं आणि पाण्यात सोडलं. बोटानं ढोसलं. सहा. पुन्हा ढोसलं. सात-आठ वेळा ढोसून झाल्यावर त्यांनी ओलं बोट सदऱ्याला पुसलं आणि खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा एकदम साठीचा दिसायला लागला.

"माझा फासा," ते म्हणाले. "आणि मी तुम्हाला बोललो."

भाऊजींनी तिथं गप्प बसायला हवं होतं. हात वर करून निर्दोष सुटायची संधी आयती चालून आली होती. पण ते म्हणाले, "दादा, त्या दिवशी मला चकती दिसली नव्हती. मी अंदाजानं गोल दिला."

 मी पाण्यात तरंगत होतो, सहा वर करून, निर्लज्जासारखा. मला वाटलं, आता दादा उठतील आणि इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढतील. त्यांचा हक्कच होता. धाकटीनं टेबलाची कड घट्ट धरली होती.

दादांनी मला पाण्यातून उचलून सदऱ्याला पुसलं. मग म्हणाले, "मलाही नव्हती दिसली. डोळे मिटले होते मी."

भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली. दादांनी पेन उचललं, आढाव्याखाली आपली सही केली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. भाऊजींनी सही केली. सातवा हंगाम गोदीचा. मग धाकटी आत चहा ठेवायला गेली आणि तिथं तिनं नळ जरा जास्तच वेळ सुरू ठेवला.

आता आठवा हंगाम सुरू आहे आणि माझ्या जागी दुसरा लाल फासा आला आहे. गिरणी हरतेय असं कानावर येतं. मी प्रयोगशाळेच्या कपाटात असतो, वर्षातून एकदा मुलांसमोर मिठाच्या पाण्यात पडतो, आणि मुलं मला खोटा फासा म्हणतात. म्हणू देत. बुडबुडा मी काही मागून घेतला नव्हता.

कपाटात वेळ भरपूर असतो आणि स्वभाव जात नाही. कधी कधी वाटतं, एवढा नावाजलेला गोलरक्षक, ऐन मोक्याला डोळे मिटेल का? की समोरच्या माणसाच्या मनावरचा दगड उतरावा म्हणून दादा तसं म्हणाले? चकतीनं रेषा ओलांडलीच नव्हती हे पक्कं ठाऊक असूनही? मला दाट संशय आहे. पण जन्मात पहिल्यांदाच एका संशयाची शहानिशा करावीशी वाटत नाही. तुम्हाला दादा कधी गोदामाच्या दारात भेटले, तर कृपा करून तुम्हीही विचारू नका.