तिसऱ्या खेळाचा पहारा

साळूबाईने चपला काढून हातात घेतल्या आणि थिएटरच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला टेकवला.

"बाई, चपला घाला," डोअरकीपर दानीएल म्हणाला. "देऊळ न्हाई हे. आत शेंगांची टरफलं हायेत."

"अखंड हाय न्हवं?"

"हाय की. एका तिकिटात तीन खेळ, एकामागं एक."

"मंग झालं तर."

शेजारी उभ्या भाचीने, राहीने, मान दुसरीकडे वळवली. तिच्या नववीच्या वर्गातल्या दोन मुली मागेच उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. पण आत शिरल्याबरोबर ती ते विसरली. राहात्याच्या थिएटरला दहा वर्षं झाली म्हणून मालकाने हा बेत काढला होता. आठवडाभर टांग्यातून कर्णा फिरत होता: रविवारी, सकाळी साडेनऊपासून, अखंड चित्रपट, पहिला खेळ भक्तिपट. राहीने घरी हट्ट धरला तेव्हा तिच्या वडिलांनी, कारभारींनी, सरळ नाही म्हटलं होतं. मग त्यांची धाकटी बहीण साळूबाई चुलीपुढून म्हणाली, "अखंड हाय, दादा. मी जाते तिच्या संगं. बसलं की उठायचं न्हाई तेवढं."

कारभारी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताहात दुपारचा पहारा करत. वीणा गळ्यात घेऊन दोन तास उभे राहत. दुसरा येऊन ती घेईपर्यंत खाली बसत नसत. अखंड या शब्दापुढे त्यांना काही बोलता येईना. "आज सहादेवराव येनार हायेत तुला न्यायला," एवढंच ते म्हणाले.

"येऊ द्या. पाचची गाडी हाय."

पाचची गाडी चुकली तर नगरहून मिरजगावची गाडी मिळत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी अमावस्या, त्या दिवशी लेकीला सासरी धाडत नाहीत. आणि मंगळवारी कोपरगावला पंचायत समितीत बालवाडीच्या बाईंच्या जागेसाठी मुलाखत होती. साळूबाईला तिचं कार्ड आलं होतं. ती सातवी पास होती. कार्ड दोन दिवस फळीवर होतं. जाऊ द्यायचं की नाही, ते सासरच्यांनी ठरवायचं.

बायकांची बाजू डावीकडे, मध्ये छातीएवढी भिंत. दोघी तिसऱ्या बाकावर बसल्या. दिवे गेले, मागच्या भोकातून उजेडाचा पट्टा डोक्यांवरून निघाला आणि त्यात विड्यांचा धूर निळा झाला. राहीला वाटलं, आपण आता साडेपाचपर्यंत कुणाच्याच नाही. देव प्रगट झाला तेव्हा पुढच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले, साळूबाईनेही जोडले. दुसऱ्या खेळात डाकू होते. घोडे इतके जवळ आले की राहीने पाय वर घेतले. एका खेळातलं गाणं कानात असतानाच दुसऱ्यातला गोळीबार सुरू व्हायचा, आणि सगळं मिळून एकच लांबलचक काहीतरी होत जायचं. शेजारची बाई तर डाकूच्या आईला पहिल्या खेळातली राणीच समजून बसली होती. राहीने तिला सांगितलं नाही.

दोन खेळांच्या मध्ये दारं उघडली. राही उठली.

"तू ये जाऊन," साळूबाई म्हणाली. "मी बसते. एकीनं तरी बसाया पायजे."

"आत्या, हा काय सप्ता हाय का? इथं कुठं वीणा हाय?"

साळूबाईने पदराच्या गाठीतले फुटाणे तिच्या हातावर ओतले.

"तुझ्या बापाला सांगू नको तसं," ती म्हणाली.

राही उभीच राहिली. मग परत बसली आणि एकेक फुटाणा खाऊ लागली.

तिसरा खेळ घरगुती होता. नवरा बायकोचं सामान दारात टाकतो, ती तान्ह्या मुलीला घेऊन निघते आणि दवाखान्यात नर्स होते. मध्यंतराला चार वाजून गेले होते. पडद्यावर जाहिरातींच्या काचा लागल्या: बियाणं, विडी, सायकलचं दुकान. त्यांच्यामागून हाताने लिहिलेली एक काच आली: साळूबाई, मिरजगाव, बाहेर बोलावले आहे.

अक्षरं माणसाएवढी होती.

"आत्या, तुझं नाव."

"दुसरी असंल कुनी."

"मिरजगावची?"

"मिरजगाव काय ल्हान हाय?"

काच बराच वेळ राहिली. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "जावा की वो साळूबाई, आमाला पिच्चर बघू द्या." सगळे हसले. साळूबाईही हसली, पण तिने राहीचं मनगट धरलं होतं आणि ते दुखत होतं.

अंधार झाल्यावर दानीएलची बॅटरी आली. बॅटरीमागे पांढरी टोपी होती. भिंतीशी येऊन साळूबाईचा नवरा सहादेव हळू आवाजात म्हणाला, "चला. गाडी हाय."

"तेवढा पहारा हुंद्या," साळूबाई पडद्याकडे बघत म्हणाली.

"कसला पहारा?"

"ओ पाव्हनं," मागून एक म्हातारी म्हणाली, "काचंचे हाय का तुमी, आरपार दिसाया? न्हाई ना? मंग बसा खाली."

सहादेव भिंतीलगतच्या बाकाच्या टोकावर टेकला. त्याने घड्याळ पाहिलं. पडद्यावर नर्सबाई कॉलऱ्याच्या गावात एकटीच कंदील घेऊन झोपडी झोपडी हिंडत होती. थोड्या वेळाने राहीने अर्धवट उठून भिंतीपलीकडे पाहिलं. टोपी त्याच्या मांडीवर होती. आणखी थोड्या वेळाने त्याच दवाखान्यात आजारी होऊन नवरा आला, बायकोने त्याला ओळखलं, आणि सहादेवने टोपीने नाक पुसलं.

बाहेर आले तेव्हा उन्हं कलली होती. स्टँड रिकामं होतं, पाचची गाडी गेली होती. तिघं कालव्याच्या वाटेला लागले. सहादेव पुढे, साळूबाई चार पावलं मागे.

"ती पयल्यापासनंच नर्स हुती का?" त्याने मागे न बघता विचारलं.

"न्हाई," साळूबाई म्हणाली. "नंतर झाली."

"कशी काय?"

साळूबाई थोडं अंतर चालली. "नवऱ्यानंच धाडली. म्हनला, शिकल्याली हायेस, जा."

राहीने तिच्याकडे पाहिलं. साळूबाई समोर बघत होती.

"तसं वाटलं न्हाई," सहादेव म्हणाला. "शेवटी लई रडत हुता त्यो."

"ते तुमी यायच्या आदी झालं."

कालव्यावरची फळी आली. सहादेव ती ओलांडून पलीकडे थांबला.

"मंग ती दवाखान्यात गेल्यावर त्याला जेवाया कोन घालीत हुतं?"

"ते न्हाई दाखवलं," साळूबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"दाखवलं की, मामा," राही म्हणाली. "आत्याला तवा डुलकी लागली हुती. हातानंच करून खायचा त्यो."

सहादेवने तिच्याकडे नीट पाहिलं. शाळेत जाणारी मुलगी, दोन वेण्या, डोळ्याला डोळा भिडवून उभी.

"भाकरी पन?"

"भाकरी पन."