‘जुनं’ नावाच्या फोल्डरमधून

मी एक जुना बुकमार्क आहे. हसू नका मित्रांनो, बुकमार्कलाही वय असते. मला सात वर्षे झाली, आणि कम्प्युटरच्या दुनियेत एवढ्यात माणसे आजोबा म्हणू लागतात.

माझा जन्म ईट गावात, एसटी थांब्यासमोरच्या मंजुषाताईंच्या ऑनलाइन केंद्रात झाला. एके दुपारी त्यांना मुलींच्या सरकारी वसतिगृहाचे पान बऱ्याच शोधाशोधीनंतर सापडले. पुन्हा हा खटाटोप नको म्हणून त्यांनी पत्त्याशेजारच्या चांदणीवर क्लिक केले. चांदणी निळी झाली आणि मी जन्मलो. मला हात नाहीत, पाय नाहीत, पोटात एक पत्ता तेवढा आहे. माझ्यावर क्लिक केले की मी तुम्हाला थेट त्या पानावर नेऊन सोडतो, भलत्याच दारात उभे करत नाही.

पहिली काही वर्षे माझा मोठा थाट होता. जूनमध्ये तर मला दम खायला फुरसत नसे. हा आपला खात्रीचा, असे मंजुषाताई आल्यागेल्याला सांगत. खोटे कशाला बोलू, मी फुगून जात असे.

पुढे आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, एसटीचे फलक बदलले. माझ्या पोटात मात्र उस्मानाबादच राहिले, कारण त्या पानाचा पत्ता अजून तोच होता. एकदा गावातले सिद्धाराम अण्णा केंद्रात आले. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि सगळा जिल्हा पुढे गेला, ताईंचा कम्प्युटर तेवढा मागे राहिला, असे काहीसे बोलले. बसलेले सगळे हसले. ताई ओशाळल्या आणि त्यांनी मला ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. त्यानंतर त्या दर वेळी नव्याने शोधू लागल्या. मला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटले.

गेल्या वर्षी समृद्धी केंद्रात आली. तिचे वडील धनाजी मेंढरे राखतात. तिला धाराशिवच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला होता, पण ईटहून रोज जाणे-येणे जमण्यासारखे नव्हते. वसतिगृहात जागा मिळाली तर शिकायचे, नाहीतर शाळा संपली, असे घरात ठरले होते. त्या दिवशी पाच वाजता अर्जाची मुदत संपत होती.

ताईंनी घाईघाईने धाराशिवचे मुलींचे वसतिगृह शोधले. सगळ्यात वर एक पान आले. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिले होते, ते कुणी वाचले नाही. पानावर आणि पत्त्यातही धाराशिव होते, पत्त्याशेजारी सुरक्षिततेची खूण समजले जाणारे कुलपाचे चित्रसुद्धा होते. नवे नाव बघून दोघींना ते आपलेच वाटले. ते खोटे होते. खरा पत्ता माझ्यापाशी होता, पण बुकमार्कला ओरडता येत नाही.

त्या पानाने वडिलांचा आधार क्रमांक घेतला, बँकेचे खाते विचारले आणि मग म्हटले, मोबाइलवर आलेला नंबर इथे टाका. मोबाइल धनाजींकडे होता आणि धनाजी मेंढरांमागे येडशीच्या बाजूला. समृद्धीने फोन करून नंबर मागितला. मेसेज वाचून परत फोन करतो, म्हणाले. अक्षर अक्षर लावत वाचायची त्यांची सवय. समृद्धी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. शेवटी फोन वाजला.

“पोरी, ह्यात बँकेचं नाव हाय. खाली लिवलंय, नंबर कुणालाबी सांगू नका. वसतिगृहाला बँकेचा नंबर कशाला लागतुय?”

“आप्पा, आज शेवटचा दिवस हाय. सांगा की.”

“सांगतो. पर आधी मंजुषाताईला इचार.”

समृद्धीने तेच ताईंना विचारले, तेव्हा त्यांचा हात माऊसवरच थांबला. त्यांनी पहिल्यांदा पत्ता नीट पाहिला, त्यात सरकारी पानाचे ‘gov.in’ कुठेच नव्हते, आणि त्यांचा चेहरा उतरला. आपल्याच हातून हे होत होते, असे त्या पुटपुटल्या. ते पान बंद करून त्यांनी धनाजींना नंबर कुणालाही न सांगता लगेच बँकेला कळवायला सांगितले. मग ‘जुनं’ फोल्डर उघडून माझ्यावर क्लिक केले.

मित्रांनो, त्या क्षणी मी खरोखर घाबरलो. इतक्या दिवसांत पत्ता बदलला असेल तर? पांढरा पडदा बराच वेळ तसाच राहिला. मग हळूहळू ओळखीचे पान उमटले. पाच वाजायच्या आत समृद्धीचा अर्ज गेला आणि पावतीचा कागद तिच्या हातात आला.

पंधरा दिवसांनी यादी लागली. धनाजी खांद्यावर घोंगडे टाकून केंद्रात आले. ताईंनी मला उघडले आणि यादीतले नाव दाखवले. ते त्यांनी स्वतःच वाचायचा हट्ट धरला. पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावले आणि पुन्हा पहिल्यापासून लावले. त्यांना कुणीही घाई केली नाही.

आता मी फोल्डरमधून बाहेर आलो आहे. ताईंनी मला नवे नाव दिले, ‘समृद्धी’. मी त्यावर मिरवू शकलो असतो, पण खरे सांगायला हवे. त्या दिवशी मी तर आत पडून होतो. मुलीचे शिक्षण वाचवले ते हळू वाचणाऱ्या माणसाने. म्हणून एवढेच मागतो, खात्रीचे पान सापडले की माझ्यासारखा एखादा जपून ठेवा. आणि कुठेही काही भरण्याआधी धनाजींसारखे बोट ठेवून वाचा, मागे कितीही मोठी रांग असली तरी.