कंट्रोलचा तुकडा

वडिलांचा रिपोर्ट चांगला आला. तिने तो फोनवर सांगूनही टाकला, आनंदाने स्टूलवर एक गिरकीसुद्धा घेतली. मग ती मायक्रोस्कोपमध्ये पुन्हा डोकावली आणि यातलं काहीच घडलेलं नाही, असं तिने एकटीनेच बहुमताने ठरवलं.

लॅबमध्ये ती काचपट्ट्या रंगवायची. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते असलं की पट्टीवरचा तुकडा तपकिरी दिसतो, नसलं की फिकट. गाठीतलं हे प्रथिन गेलं, की पेशी सुट्या होऊन अंगभर हिंडायला मोकळ्या. वडील शिंपी, म्हणून तिने त्यांना सोपं करून सांगितलं होतं, "ती शिवण समजा, बाबा." तेव्हापासून स्वतःच्या आतड्यातल्या गाठीपेक्षा त्यांना तिच्या शिवणीचीच काळजी.

प्रत्येक पट्टीच्या कडेला कुणा अनोळखी माणसाच्या धडधाकट आतड्याचा तुकडा लावलेला असतो. तो कंट्रोल. तो तपकिरी दिसला म्हणजे रंग नीट चढला. आधी कंट्रोल बघायचा, मग रुग्ण, ही इथली शिस्त. आज तिने शिस्त पाळली. फक्त निम्म्यात थांबली. तपकिरी दिसलं आणि हात फोनकडे गेला.

आता शेजारचा, वडिलांचा तुकडा समोर होता. फिकट. इकडे एक पेशी, तिकडे दोन, बाजार उठल्यासारख्या. तिने पट्टी काढली, पुसली, पुन्हा लावली. खिडकीपर्यंत जाऊन आली. तरी फिकटच.

"कसं आहे?" मागून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कंट्रोल उत्तम आहे, मॅडम."

"कंट्रोलला कोण विचारतंय?"

त्या वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी त्या दाराच्या कडीलाही हात लावत नसत.

फोन वाजला. वडील.

"अगं, तुझ्या आईने शेजारी सांगितलंसुद्धा! आणि मी त्या कोटांच्या कामाला हो म्हटलं. वर्षभर पुरेल."

"बाबा, माझं चुकलं. मी दुसऱ्याचा तुकडा बघितला."

पलीकडे शिलाई मशीनची खडखड थांबली.

"कुणाचा?"

"माहीत नाही. ठणठणीत होता."

"नशीबवान लेकाचा." मग, "म्हणजे माझी उसवली?"

"हो."

"कुठपर्यंत?"

"ते स्कॅनमध्ये कळेल."

"बरं." खडखड पुन्हा सुरू झाली. "आईला इतक्यात सांगू नकोस. शेजारीण बसलीये. दोघी हसतायत, हसू दे."

तिने रिपोर्ट उघडला. निष्कर्ष लिहिला, जसा होता तसा. खाली 'शेरा' असा रिकामा चौकोन होता. पेनाचं टोपण चारदा उघडून, चारदा लावून तिने त्यात लिहिलं:

'सदर रुग्णाचा व कंट्रोलचा तुकडा एकाच पट्टीवर, एकमेकांना खेटून होते. सबब, शेजारधर्म म्हणून कंट्रोलचा निकाल रुग्णास लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.'