कोपऱ्यातली घोंगडी बोलते

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड आणि टोचणारी. मऊ बोलणं मला जमत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

धनगराच्या मागावर मी विणले गेले. चिंचोक्याची खळ लावून मला उन्हात ताणलं, तेव्हा मी अशी कडक झाले की उभी केली तर उभीच राहीन! हुबळीतल्या दुर्गदबैलच्या बाजारात वनितानं मला घेतलं. तिचा नवरा यल्लाप्पा तारिहाळच्या कारखान्यात लागला, म्हणून ती अळणावरकडचं गाव सोडून नुकतीच हुबळीला आली होती. मला वाटलं, थंडीत अंगावर घेईल. कसलं काय! पाळी आली की बाईनं कोपऱ्यात वेगळं बसायचं, आणि ते माझ्यावर. का, तर लोकरीला विटाळ लागत नाही म्हणे. ऐका बरं! घोंगडीला विटाळ नाही आणि हाडामांसाच्या बाईला आहे. हा न्याय ज्यानं केला, तो एकदा माझ्यावर उघड्या पाठीनं झोपायला येऊ दे. मग बघते त्याच्याकडं.

घरात शब्द चाले पारूआत्याचा, म्हणजे यल्लाप्पाच्या थोरल्या बहिणीचा. वनिताची लेक शुभांगी मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली. तीही पाळीच्या दिवसांत माझ्यावर बसायची, पुस्तक वाचायची. मग तिचं येणंच बंद झालं. एक महिना गेला, दुसरा गेला, उन्हाळा सरला. माझा जीव टांगणीला लागला. आणि आत्या? आत्या खूश!

"आमची शुभी भाग्याची बघा, अक्का. कुठल्या सणाला अडचण म्हणून नाही," असं ती गल्लीभर सांगत सुटली. गौरीचा नैवेद्य शुभीनं करायचा, देवाची भांडी शुभीनं घासायची. पोरीचं वजन वाढत होतं, हनुवटीवर राठ केस येत होते, कॉलेजला जाताना ती ओढणी तोंडावर ओढून घ्यायची. ते कुणी बघेना. आत्या म्हणे, देवीची कृपा. मी म्हणे, कपाळ माझं! पण घोंगडीचं ऐकतंय कोण?

दिवाळी झाली आणि पाळी आली, ती थांबेचना. शुभांगी माझ्यावर बसली ती उठलीच नाही. तिचे ओठ पांढरे पडले. भिंत धरल्याशिवाय तिला उभं राहता येईना. कालची देवीची कृपा आज बाहेरची बाधा झाली! आत्यानं मिरच्या ओवाळल्या, अंगारा लावला.

वनिता म्हणाली, "वन्सं, देशपांडे नगरात बायकांची डॉक्टरीण आहे. पोरीला घेऊन जाते."

"लग्नाच्या पोरीला तिथं? कुणी बघितलं तर म्हणतील, हिचं पाऊल वाकडं पडलं. मग कोण करून घेईल हिला?"

यल्लाप्पा दारात उभा होता. बहिणीचं ऐकून त्यानं पायात घातलेल्या चपला परत काढल्या. मला इतका राग आला त्याचा!

त्याच दुपारी शुभांगी पाणी प्यायला उठली आणि धाडकन पडली. आत्या ओरडली, "शिवू नकोस गं, देवाचं व्हायचंय अजून!" वनितानं वळूनसुद्धा बघितलं नाही. लेकीला कवेत घेतलं, मला तिच्याभोवती गुंडाळलं आणि नवऱ्यावर कडाडली, "माझी पोर मरायला लागलीय आणि तुम्ही उभे काय राहिलात? ऑटो आणा!" यल्लाप्पा धावत सुटला.

देशपांडे नगरातल्या डॉक्टर सरितांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "हिचे हार्मोन बिघडलेत. अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही, त्यामुळं वेळेवर पाळी आणणारं हार्मोन तयार होत नाही. गर्भाशयात अस्तर साचत गेलं आणि आता एकदम वाहायला लागलं. केस येतात तेही यातूनच. पीसीओएस म्हणतात याला, पुष्कळ मुलींना हा त्रास असतो. इलाज आहे. पण इतके महिने पाळी नव्हती, तेव्हाच का आणलं नाही?"

वनितानं मान खाली घातली. "आम्हाला वाटलं, बरंच झालं."

शुभांगीनं क्षीण आवाजात विचारलं, "डॉक्टर, माझं काही चुकलं का?"

"काहीसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाल्या.

अंगात रक्त भरायला औषध मिळालं, हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त थांबलं. सकाळी बापलेक चालायला जाऊ लागले. गालावर हळूहळू रंग आला. आणि एके दिवशी पाळी आली, अगदी वेळेवर. आत्या नेहमीसारखी मला कोपऱ्यात अंथरायला निघाली. शुभांगीनं मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि बाहेरच्या सोप्यात, बापाच्या खुर्चीशेजारी अंथरलं.

"अप्पा, मला पाळी आलीय. वेळेवर आलीय."

या घरात कुठल्या बाप्यासमोर तो शब्द उच्चारला गेला नव्हता. आत्यानं तोंडाला पदर लावला. यल्लाप्पा गडबडला, मग डोळे पुसून लाडानं म्हणाला, "लई बरं झालं बघ, अव्वा. चहा टाकतो तुला."

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला कसर लागली तरी चालेल. तुमच्या घरात कुणाची पाळी लांबली, थांबली किंवा थांबेनाशी झाली, तर तिचं भाग्यही काढू नका आणि पापही काढू नका, डॉक्टरकडं न्या. कोपऱ्यात बसलेल्या पोरीला विचारा, "बरी आहेस ना?" ती "बरी आहे" म्हणाली तरी परत विचारा, आणि उत्तर ऐकायला तिच्या शेजारी बसा. मुलग्यांनो, तुम्हीसुद्धा. माझ्यावर जागा पुष्कळ आहे.