चमच्याला दोन शब्द

माझी बायको राजेश्वरी मोडनिंबजवळ अपघातात गेली, असा फोन आला तेव्हा तिच्याकडे जपानी शिकणाऱ्या मुली आमच्या घरात तिचीच वाट पाहत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला माती दिली.

त्यांतली विजयमाला नातेपुत्याची. जपानमधल्या वृद्धाश्रमातल्या नोकरीसाठी तिची सोमवारी मोबाईलवर मुलाखत होती. ती हुकली की वडील तिचं लग्न उरकणार होते. शनिवारी ती आली. मागोमाग वडील, धुळा. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"अण्णा, सुतकाच्या घरात कसला अभ्यास? चल गं."

"आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक नसतं. आत ये."

"आमच्यात असतं की!"

"मग तुमी भाईर बसा, आबा. मी बसते आत," विजयमाला म्हणाली.

"जपानात बी अशीच तोंड चालवणार व्हय?"

मला जपानी येत नाही, माझं किराणा दुकान आहे. पण राजेश्वरीची पद्धत रोज कानावर पडायची. जपानीत पुष्कळ वस्तूंना दोन नावं, एक जुनं आणि एक इंग्रजीतून आलेलं. माझी आई अक्कम्मा शेवटच्या आजारात मराठी विसरली, पाण्याला लहानपणच्या कानडीत 'नीरु, नीरु' म्हणायची. तेव्हापासून राजेश्वरी मुलींना सांगायची, म्हातारी माणसं जुनाच शब्द मागतील. ती वस्तू उचलायची, मुली दोन्ही नावं म्हणायच्या.

मी चमचा उचलला.

"सुपून. साजी."

टॉवेल.

"ताओरु. तेनुगुई."

कपड्यांचा हँगर.

"हांगा..." ती थांबली. माझ्याकडे बघू लागली. मला कुठून येणार?

"न्हाय येत न्हवं?" धुळा बाहेरून म्हणाला. "चल घरी."

"थांबा की जरा!"

जुना शब्द आठवला नाही. ती रडली, पण गेली नाही.

सोमवारी मुलाखत आमच्याच घरी झाली. मोबाईलमधल्या बाई काहीतरी बोलल्या. विजयमाला मोबाईलजवळ वाकली. धुळा उंबऱ्यावर उभा राहिला. बाईंनी पुन्हा तेच विचारलं. मग विजयमाला मान झुकवून सावकाश काही बोलली. बाई हसल्या. बोलणं संपलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्या बाई म्हातारीचं सोंग घेऊन काहीतरी मागत होत्या. शब्द कळंना. मी म्हणलं, आजी, मला ठाऊक न्हाय, बोटानं दाखवा."

"मग?"

"मला कामावर घेतलं म्हणाल्या, काका. शब्द कळला न्हाय तर असंच इचारायचं म्हणाल्या."

"आन लगीन?" धुळानं विचारलं.

"आता न्हाय, आबा."

जाण्याआधी तिला दुखण्याखुपण्याचे शब्द शिकायचे आहेत, जुने आणि नवे दोन्ही. तो धडा राजेश्वरीने घेतला नव्हता. शिकवणारं दुसरं कोणी अजून मिळालेलं नाही.