टिचबटणांचा शर्ट

कपडा वरून कितीही भारी दिसो, शिंपीण तो आधी उलटा करून बघायची. आतली शिवण धड नसेल तर वरच्या इस्त्रीला ती काडीची किंमत देत नसे. गिऱ्हाइकं वैतागायची, पण हिची सवय काही सुटली नाही. नेमकी तीच सवय ती एका सकाळी विसरली, आणि तीही सख्ख्या भावाच्या बाबतीत.

भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एके काळी पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा हात होता त्याचा. मग गर्दच्या पुडीच्या नादी लागला आणि तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताला अशी थरथर सुटली, की शर्टाची बटणंही लागेनात. बहिणीने त्याच्या निळ्या चौकड्यांच्या शर्टाला टिचबटणं लावून दिली. तो हसला होता.

"सुईबाई, शेवटी मला तान्हं बाळ करून टाकलंस की."

सुईबाई हे नाव त्याचं एकट्याचं. अख्ख्या जगात दुसरं कुणी तिला तशी हाक मारत नसे.

महिनाभर ती व्यसनमुक्ती केंद्रं पालथी घालत होती. पहिल्या ठिकाणी कोपऱ्यात काठी दिसली, वर 'सहा महिने भेट नाही' असं ऐकवलं. ती तडक उठली. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं उघडून दाखवलं: औषधांची कपाटं, पसारा पडलेलं स्वयंपाकघर, ओकाऱ्या काढणारा एक पेशंट. त्याने तर हिला तोंडावर शिवी हासडली.

"बरा होईल ना तो?" हिने विचारलं.

"प्रयत्न करू. पुन्हा घसरेल, पुन्हा उभा करू. तुम्हालाही दर आठवड्याला यावं लागेल."

खात्री द्यायला या डॉक्टरणीच्या बापाचं काय जातं, असं पुटपुटत ती बाहेर पडली. तिसऱ्या केंद्राला नुसता फोन केला, तर तिथले व्यवस्थापक पहिल्याच वाक्यात म्हणाले, "शंभर टक्के, ताई. इथला माणूस पुन्हा पुडीकडे बघत नाही." दमलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं? सोमवारी सकाळी भाऊ आपणहून म्हणाला, "आज ने मला कुठंतरी. उद्या हो म्हणेन की नाही, माहीत नाही." ती त्याला घेऊन थेट त्या तिसऱ्या केंद्रात गेली.

भावाला तपासणीला आत नेलं. व्यवस्थापक हिला केंद्र दाखवू लागले. जमीन लख्ख, चादरींना एक सुरकुती नाही. वीसेक माणसं गवत काढत होती, भाज्या चिरत होती, आणि हिला बघून एकेक जण म्हणत होता, "इथं बरं वाटतं." सगळ्यांचा सूर एकच, शेवटचा शब्द किंचित वर उचललेला. अंगातले कपडे मात्र एकालाही बसत नव्हते. कुणाचे खांदे लोंबत होते, कुणाच्या बाह्या कोपरापाशी संपत होत्या. शिंपिणीच्या डोळ्यांना ते खुपलंच.

"इथं माझं-तुझं नसतं," व्यवस्थापक म्हणाले. "आल्या दिवशीच सगळं सोडायचं."

तेवढ्यात काठोकाठ भरलेल्या पेल्यांचा ट्रे घेऊन एकजण गेला. पाणी जराही हललं नाही. हा कालच आलाय, असं कळल्यावर तिला रडूच फुटलं. भावाचा हात असा स्थिर झाला तर! तिने कागद न वाचता सही ठोकली.

अर्ध्या तासाने भाऊ बाहेर आला. अंगात कुणाचा तरी ढगळ राखाडी सदरा. हात शांत. तो तिच्याकडे बघून हसला.

"इथं बरं वाटतं."

शेवटचा शब्द किंचित वर गेला.

"अरे, मी कोण?"

त्याने जरा विचार केला. "तुम्ही ताई."

जन्मात त्याने तिला अहो-जाहो केलं नव्हतं. तिने त्याचा हात धरला आणि फाटकाकडे ओढत निघाली. कुणी अडवलं नाही. "न्या की," व्यवस्थापक मागून म्हणाले, "बरा झालाय तो."

फाटकापाशी एक टकलू, पन्नाशीचा माणूस झाडांना पाणी घालत होता. पोटावर निळ्या चौकड्यांचा शर्ट ताणलेला, टिचबटणं उघडायला आलेली. नळीतलं पाणी कुंडी सोडून सगळीकडे उडत होतं, कारण त्याचा उजवा हात थरथरत होता. त्या अख्ख्या आवारात थरथरणारा तेवढा एकच हात. या माणसाला तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याने मान वर केली.

"सुईबाई," तो हळूच म्हणाला, "मला इथं ठेवू नकोस गं."

ती जागच्या जागी थिजली. एका बाजूला भावाचा चेहरा होता, नाकावरच्या लहानपणीच्या व्रणासकट. तो उन्हात समाधानाने हसत होता. त्याचा हात तिच्या हातात पाटासारखा निश्चल होता. असाच हात मिळावा म्हणून तीन वर्षं तिने काय काय केलं होतं.

तिने तो सोडला.

नळी खाली पडली. तिने त्या अनोळखी माणसाचा थरथरणारा पंजा दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि तीन वर्षं जिला शिव्या घातल्या ती थरथर ओळखीची निघाली. ती ओक्साबोक्शी रडली.

"चल," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

मागे फाटकाच्या आत भावाचा चेहरा त्यांना हात हलवून निरोप देत राहिला. परक्या अंगातल्या या भावाला पुढे घरी नेल्यावर आईला काय सांगायचं, याचा विचार करत ती थरथरता हात धरून रस्त्याला लागली.