पाचशेचे चारशे अठरा

तुळशीदासचा राग नाकावर, आणि नाक कायम वर. आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात त्याच्याशी हुज्जत घालायला कोणी जात नसे. एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात बसली की ब्रह्मदेव खाली आला तरी ती निघायची नाही. आणि एकदा तर त्याच्या डोक्यात चक्क आकडा बसला.

बापाने दोन मुलांत जागा सारखी वाटून दिली होती. तेव्हा जागा वारात मोजत. थोरल्या तुळशीदासला पाचशे वार, धाकट्या चंदूला पाचशे वार. पुढे घरं, मागे समुद्राच्या अंगाला बोंबील सुकवायची मोकळी जागा आणि मध्ये बांबूचं कुंपण. होडी मात्र दोघांत एकच. हे कुंपण फक्त कोंबड्यांसाठी आहे, असं तुळशीदासची सगुणा आणि चंदूची पार्वती या दोघी जावा म्हणायच्या. दिवसभर त्याच्यावरून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जात.

त्र्याऐंशी साली तुळशीदासला घर वाढवायचं होतं, म्हणून त्याने आपल्या वाट्याचा नवा सरकारी उतारा काढला. त्यावर आकडा आला चारशे अठरा. पुढे ‘चौरस मीटर’ असं लिहिलेलं होतं आणि ते त्याने वाचलंही. पण वार काय, मीटर काय, त्याच्या लेखी ती सगळी साहेबांची भाषा. आपण बोंबील म्हणतो त्याला हॉटेलवाले बॉम्बे डक म्हणतात, म्हणून मासा काही लहान होत नाही. चंदूने अजून नवा उतारा काढला नव्हता. त्याच्याकडे बापाचा जुना कागद, आणि त्यावर ठणठणीत पाचशे. मग आपले ब्याऐंशी गेले कुठे? कुंपणापलीकडेच गेले असणार.

कचेरीत एका शब्दाने विचारलं असतं तर उलगडा झाला असता. पण विचारायचं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं, आणि ते तुळशीदासच्या रक्तात नव्हतं. तो तडक किनाऱ्यावर गेला. होडी नुकतीच लागली होती, सगळे जण मासळी निवडत बसले होते.

"कुंपन कवा सरकवलास रं?" सगळ्यांदेखत तो चंदूवर ओरडला. "बापाच्या जाग्याची चोरी करतस?"

चंदूने हातातली पाटी खाली ठेवली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, भावाकडे बघितलं आणि मिटलं. तुळशीदासला ती कबुलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदूने आपल्या हाताने कुंपणाचे बांबू उपटले. "किती पायजे?" त्याने विचारलं. तुळशीदासने नवी टेप आणली होती, मीटरची. तिने मोजून त्याने पुरे ब्याऐंशी घेतले, वर "टेप खोटं बोलत नाय" असंही सुनावलं. टेप खरंच खोटं बोलत नव्हती.

गेला तो पट्टा नेमका चंदूच्या सुकवणाचा होता. त्यानंतर पार्वती कौलांवर बोंबील घालू लागली, तिथे कावळ्यांनी धुमाकूळ घातला. मग तिने ते रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगले, तर त्यावर धूळ बसायची आणि बाजारात गिऱ्हाईक नाक मुरडायचं. असे दोन हंगाम तिने काढले. शेवटी चंदूने होडीतला आपला वाटा भावाच्या गळ्यात टाकला, घराला कुलूप लावलं आणि अंधेरीला एमआयडीसीत वॉचमन म्हणून लागला. चकाल्याला भाड्याची खोली घेतली. पार्वतीही तिथल्याच एका कारखान्यात जाऊ लागली.

"मनात खोट व्हती, म्हनून पलाला," तुळशीदास सांगत सुटला. आणि त्या पट्ट्यावर त्याने आपले बोंबील टांगले.

सत्त्याऐंशीत त्याच्या मुलीचं, नंदाचं लग्न ठरलं. तिला पार्वतीने कडेवर वाढवलेलं. पोरगी बापाच्याच वळणाची. म्हणाली, "काकी नाय आली त मी हलदीला बसनार नाय." काकीला लुगडं घेऊन बोलवायला जायचं, ही रीतच होती. तुळशीदास धुसफुसत सगुणाबरोबर बाजारात गेला.

दुकानदाराने हिरवं लुगडं बांधलं आणि वर चिठ्ठी लावली. चिठ्ठी बघून तुळशीदासचा पारा चढला.

"नऊ वार सांगितला ना? ह्यावर सव्वाआठ लिवलंय. मापात मारतोस?"

"सव्वाआठ मीटर, काका. म्हणजे नऊ वारच झाले. मीटर मोठा असतो ना, म्हणून आकडा लहान दिसतो."

सगुणा हसली. "दर साल ह्याच तं नेसतंय मी. आकडा लहान झाला म्हनून माजा पदर कवा आखूड झाला?"

चारशे अठरा, आणि त्यापुढचे ते दोन शब्द तुळशीदासच्या डोळ्यांपुढे आले. पायाखालची वाळू सरकली. जागा एका बोटानेही कमी झाली नव्हती. चोरी झाली होती, पण ती त्याने केली होती, टेप लावून. त्याला इतकी लाज वाटली की सगुणाकडे मान वर करून बघवेना.

घरी येऊन त्याने एकट्याने कुंपण उपटलं आणि जुन्या खुणांवर परत रोवलं. मग पिशवीत लुगडं घेऊन चकाल्याला गेला.

"चंदू, कुंपन मागं घेतलं," दारातूनच तो म्हणाला. "तुजी जागा तुला पुरी हाय. मीटर मोठा असतो, मना समजला नाय रं. चूक माजी."

"मना तवाच म्हाईत व्हता," चंदू म्हणाला.

"मंग बोलला का नायस?"

"तू मना चोर बोललास, दादा. सगल्यांसमोर. त्याच्यावर मी काय मीटर समजावनार व्हतो?" आवाज चढला नव्हता, तेच तुळशीदासला सहन होईना. "आता ती जागा घेऊन मी तितं काय सुकवू?"

पार्वतीने लुगडं उलगडलं, पदरावरून हात फिरवला. "झकास हाय, दादा," ती म्हणाली. मग घडीवर घडी घालून तिने ते होतं तसं पुन्हा बांधलं. "पन मी आता पाचवारीच नेसतंय. कारखान्यात मशीनमदी अडकतं, म्हनून नऊवारी चालत नाय."

खारदांड्यात सगळ्यात रुबाबात लुगडं नेसणारी बाई ती.

"हलदीला येशील ना रं?" तुळशीदासने विचारलं.

"सुट्टी मिलाली त येऊ," चंदू म्हणाला. "पत्रिका दे ना."

मुलीच्या सख्ख्या काकाला कोणी पत्रिका देत नाही, काकाचं नाव पत्रिकेत असतं. तुळशीदासच्या पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा होता. त्याने त्यातली एक काढली आणि परक्याला द्यावी तशी दोन्ही हातांनी भावाला दिली. चंदूने ती शेवटपर्यंत वाचली. खाली निमंत्रक म्हणून एकट्या तुळशीदासचं नाव होतं.

"नक्की येऊ," तो म्हणाला.